माळाचा चढ आणि डुक्कर फियाट

निघोजे, ता. खेड
९ फेब्रुवारी २०२५

बुद्धरत्न भाऊजींना छबूचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. इकडं कोणी गेलेलं न्हाई, सगळी धडधाकट हायत. परवा तुमच्या घरी फोन लावला तर तुमची सून म्हणाली, "आजी, मामांना फोनवर काहीच ऐकू येत नाही. कानाला लावतात आणि नुसतं बरंय, बरंय म्हणतात." म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले ते आता कामाला आलं. काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

विषय आपल्या गाडीचा हाय. आपली म्हणते, कारण पिंपरीच्या गॅरेजात असताना तुमी तिचं जेवढं केलं तेवढं आमच्या ह्यांनी पण केलं नसंल. तीच ती, डुक्कर फियाट, सत्तावन्न सालची. हे गेल्यापासून तीन वर्षं गोठ्यात उभी हाय. म्हशी गेल्या, वैरण गेली, गोठ्यामागं कंपनीची भिंत आली, गाडी तेवढी राहिली. कोंबड्या आत बसू नयेत म्हणून मी काचा वर करून ठेवते. तरी एकीनं मागच्या सीटवर अंडं घातलंच. कुठनं शिरली, आजपर्यंत कळलं न्हाई.

तर आमच्या दिग्विजयनं माळावर लॉन्स बांधलंय, लग्नाकार्याचं. नाव दिलंय "सोनबा लॉन्स". बापाचं नाव दिलं, चांगलं केलं. पण पुढं ऐका. मला म्हणतो, "आई, गाडीचं इंजिन काढून टाकू. बॉनेट उघडं ठेवू, आत माती भरून झेंडू लावू आणि कमानीपाशी ठेवू. लोक फोटो काढतील."

मी म्हटलं, "आणि बापाच्या फोटोची चौकट उघडून त्यात मेथी पेर."

"आई, तू कशाचं काय करतीस! दोन मिस्त्री दाखवले. बॅटरी नवी घातली, टाकी धुतली. दोघंबी म्हणाले, इंजिन संपलंय."

"संपलं असंल तर धूर सांगंल. धूर कुठाय?"

 मग मीच चार माणसांच्या देखत सांगितलं. आखितीला लॉन्सचं उद्घाटन हाय. त्या दिवशी गाडी गोठ्यातून निघून माळाचा चढ स्वतःच्या पायानं चढली तर इंजिनाला कोणी हात लावायचा न्हाई. न्हाई चढली तर झेंडू लाव न्हाईतर कोथिंबीर लाव, मी बोलणार न्हाई. रस्ता आपल्याच रानातला हाय, पोलिसाचा संबंध न्हाई. तो "चालंल" म्हणाला आणि हसला. कबूल झाला ते बरं, पण हसला ते मला लागलं.

आता दुखणं सांगते. चावी दिली की स्टार्टर फिरता फिरता मागं झटका खातो, जणू आतून कोणी ढकलतंय. चालू झाली की गोठ्यात बरी राहती. पण चढाला पाय दाबला की आतून खुळखुळ येती, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखी. अर्ध्यात दम सोडती. काय करू ते कळवा.

तुमची वहिनी,
छबू


औसा, जि. लातूर
१८ फेब्रुवारी २०२५

वहिनी, सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. सोनबाशेठ गेले तेव्हा मी दवाखान्यात होतो, येणं झालं नाही. त्याची रुखरुख आहे.

माझे दोन्ही कान गेलेत. चाळीस वर्षं इंजिनाला कान लावला, इंजिनांनीच ते खाल्ले. आवाज ऐकल्याशिवाय रोग सांगता येत नाही, मला माफ करा, असं लिहून पाकीट चिकटवणार होतो. मग पुन्हा वाचलं. पत्र्याच्या डब्यात हरभरे. वहिनी, एवढा नेमका आवाज मला गॅरेजातल्या पोऱ्यांनीही कधी सांगितला नव्हता.

इंजिन संपलेलं नाही. संपलेलं इंजिन धापा टाकतं, ते खुळखुळत नाही. ठिणगी वेळेच्या आधी पडते आहे, एवढंच. पिस्टन वर येतोय आणि तो पोचायच्या आधीच स्फोट होतोय. झोका अंगावर येत असतानाच ढकलला तर हाताला झटका बसतो, तसा तुमच्या स्टार्टरला बसतोय. याला आम्ही टायमिंग म्हणतो.

आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्याची, टोपी काढा. आत दोन छोटे सीबी पॉइंट आहेत, ते उघडमीट करतात. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात किती फट राहते ते महत्त्वाचं. फट जास्त असली तरी ठिणगी लवकर पडते. पाकिटात एक पोलादी पट्टी ठेवली आहे. माझ्या फीलर गेजमधलं हे एक पान सोडवलंय. ते त्या फटीत अडकत अडकत सरकलं पाहिजे, तुपातल्या सुरीसारखं नको.

हे कुणा जाणत्या माणसाकडून करून घ्या. स्वतः करायला जाऊ नका. आता वय झालं.

आपला,
बुद्धरत्न


निघोजे
२७ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

वय झालं म्हणता? तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान हाय मी. आणि माझे कान चांगले हायत.

जाणता माणूस घरातच सापडला. आमची वर्षाली, दिग्विजयची बायको. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला हाय. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन माल मोजती, केसाएवढा फरक आला तरी पेटी परत पाठवती. घरात भाकरी पण गोल न्हाई निघाली तर स्वतःच नापास करती. तिला म्हटलं, "बाई, नवऱ्याच्या विरुद्ध काम हाय, करशील का?" म्हणाली, "आई, सेकंड शिफ्ट हाय माझी. ते सकाळी साइटवर गेले की बोला."

काल महाशिवरात्र. साबुदाणा भिजत घातला आणि दोघी गोठ्यात. टोपी काढली. पॉइंट बघून वर्षाली म्हणाली, "आई, ह्यातनं मुंगी पाठीवर साखर घेऊन जाईल." तुमची पट्टी घातली तर सुळकन गेली. मग स्क्रू ढिला करून फट कमी केली. पट्टी अडकत अडकत सरकली, अगदी तुमी म्हणता तशी. वर्षालीनं तीनदा मोजलं. साबुदाण्याचा तोवर गोळा झाला होता, तसाच खाल्ला.

गुण आला, पण अर्धाच. स्टार्टरचा झटका कमी झाला. चढाला हरभरे अजून हायत, आधी मूठभर होते, आता चिमूटभर. चढाच्या अर्ध्यावर गाडी दमली. मी तशीच उलट्या गिअरात खाली आणली. हो, मीच चालवते. ह्यांनी शिकवली होती ह्याच माळावर, एक्क्याऐंशी साली, सासूबाई पंढरीला गेल्या होत्या तेव्हा. तुमाला माहीत न्हाई, कारण कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुढं काय ते लवकर कळवा. पट्टी परत पाठवू का?

छबू


औसा
७ मार्च २०२५

वहिनी,

पट्टी ठेवा. आता मी कोणाची फट मोजणार?

सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. आता मुख्य काम.

बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब घ्या. एक वायर पॉइंटच्या खिळ्याला, दुसरी बॉडीला. चावी फक्त चालू करा, स्टार्ट नको. चारही प्लग काढा, वरचा गिअर टाका आणि गाडी इंच इंच पुढे ढकला, म्हणजे इंजिन फिरेल. खाली पुलीवर, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चकतीवर, टायमिंगची खूण आहे. ती पुढच्या झाकणावरच्या खुणेसमोर आली की थांबा. आता डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करून तो हळूच फिरवा. ज्या क्षणी बल्ब पेटेल, ती ठिणगीची वेळ. तिथेच नट आवळा. हे नीट केलं तर हरभरे जातील. गेलेच पाहिजेत.

बुद्धरत्न


निघोजे
१६ मार्च २०२५

भाऊजी,

न्हाई गेले.

सगळं तुमी लिहिलं तसं केलं. मी गाडी ढकलली, वर्षाली खाली आडवी होऊन पुली बघत होती. "आई, अजून जरा... अजून... थांबा! पांढरा ठिपका बरोबर समोर आला." मग तिनं डिस्ट्रिब्युटर फिरवला. बल्ब पेटला तशा आमी दोघी लहान पोरींसारख्या ओरडलो. नट आवळला, प्लग बसवले, गाडी काढली. आणि चढाला लागलो तर हरभरे परत मूठभर! म्हणजे होतं त्याच्यापेक्षा वाईट.

त्यात दिग्विजय लवकर घरी आला. बायको तेलानं काळी, आई घामानं ओली. आधी त्याला कळंचना. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "व्वा! घरातच गॅरेज काढलं का? आई, दोन्ही मिस्त्र्यांनी ह्याच खुणेवर टायमिंग लावलं होतं. तेव्हा पण हेच झालं. इंजिन संपलंय, ऐक माझं. चाळीस कुंड्यांची ऑर्डर दिलीय मी."

मी म्हटलं, "कुंड्या येऊ देत. आखिती अजून आली न्हाई."

वर्षालीला रागावला न्हाई, तेवढं बरं. नुसता म्हणाला, "तू पण?" ती म्हणाली, "माल नापास करायच्या आधी दोनदा तपासते मी. तुमी स्वतः एकदाबी तपासला न्हाई."

पण भाऊजी, रात्री मला झोप न्हाई लागली. खरंच संपलं असंल का हो?

छबू


औसा
२५ मार्च २०२५

वहिनी,

रागावू नका, पण स्पष्ट लिहितो. इंजिन ठीक आहे, पद्धत ठीक आहे, म्हणजे चूक हाताची आहे. नट आवळताना डिस्ट्रिब्युटर हलला असणार. नवशिक्यांचं हेच होतं. पुन्हा करा, या वेळी घाई न करता.

आणि एक. तुम्ही "पांढरा ठिपका" लिहिलंत. त्या गाडीच्या पुलीवर रंगाची खूण मी कधी पाहिलेली नाही. कारखान्यातून येते ती खाच असते, करवतीनं पाडल्यासारखी. कोणी मिस्त्री खाचेत रंग भरतो, तसं असेल. ठिपक्याखाली खाच आहे का, ते स्वतःच्या बोटानं बघा.

बुद्धरत्न


निघोजे
६ एप्रिल २०२५

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून आधी मला इतका राग आला की आठ दिवस उत्तर लिहिलं न्हाई. चूक हाताची म्हणे! वर्षालीचा हात कंपनीत हललेला न्हाई, माझ्या गोठ्यात हलणार होय? पाडवा झाला, गुढी उतरवली, तरी राग उतरंना.

मग आज सकाळी एकटीच गेले. गुडघे दुखतात म्हणून खाली झोपता येत न्हाई, तर वर्षालीचा टिकली लावायचा आरसा घेतला, बॅटरी घेतली आणि वरनं आरसा धरून पुली बघितली.

भाऊजी, कसं लिहू? आत्ता पण तोंडाला पदर लावून हसतेय.

तो ठिपका माझा हाय.

तुमी पिंपरी सोडून गावाला गेलात त्याच्यानंतरची गोष्ट. खंडेनवमीला आमी विळा, कोयता, पाटा, सगळ्यांची पूजा करतो तशी गाडीची पण करायची. बॉनेट उघडून मी इंजिनाला हळदकुंकू लावायची, आणि सगळ्यात जास्त फिरतंय ते काय, तर ती चकती, म्हणून तिला पण. पण दरसाल व्हायचं असं की हे पुढनं हँडल मारून गाडी चालू करायचे आणि चकती फिरली की कुंकू सगळं फर्रकन ह्यांच्या सदऱ्यावर. दरसाल बोलणी खायची मी. एका वर्षी खिडक्यांना पांढरा ऑइलपेंट दिला होता, डब्यात जरा उरला होता. म्हटलं, बास झालं, ह्या बाईला कायमची टिकली लावून टाकू. बोटानं लावली. हे म्हणाले, "छबे, आता हिला लग्नालाच बसव." आणि राहू दिली. तेव्हा टायमिंगला कोण हात लावणार? गाडी झकास चालत होती.

हे गेले. मग ते मिस्त्री आले, त्यांनी माझी टिकली बघितली आणि तिलाच खूण समजून त्यावर टायमिंग लावलं! दोघांनीबी! मग आमी पण! देवाच्या टिकलीवर इंजिन चालवायला निघालो सगळे.

रॉकेल मिळत न्हाई आता. पेट्रोलचा बोळा काठीला बांधून पुली पुसली. टिकलीच्या अलीकडं दोन बोटांवर नखाला खाच लागली. काळी, बारीक, घाणीनं भरलेली.

तर चूक हाताचीच होती. तुमचं खरं निघालं. पण ती आमच्या आवळायच्या हाताची न्हाई, माझ्या पूजेच्या हाताची. तेवढं तुमचं वाक्य दुरुस्त करून घ्या.

छबू


औसा
१५ एप्रिल २०२५

वहिनी,

पत्र वाचून इतका हसलो की सून पाणी घेऊन पळत आली. वाक्य दुरुस्त केलं. सूनबाईंच्या हाताची माफी मागतो.

तुमच्या खंडेनवमीला सोनबाशेठ गॅरेजात पेढे आणायचे. मी पूजेला हात जोडत नसे, पण पेढे सोडले नाहीत. तेव्हा त्या टिकलीत माझाही थोडा वाटा धरा.

एक खातरजमा करा. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा धरा आणि गाडी ढकलायला सांगा. अंगठ्याखालून हवा जोरानं ढकलू लागली आणि त्याच वेळी खाच समोर येत असली, तर तीच खूण खरी. मग बल्बनं टायमिंग लावा. ब्रेक तपासून घ्या. हँडब्रेकची तार मी असतानाच ढिली होती, ती ताणून घ्या.

टिकली पुसून टाका म्हणजे पुढच्या मिस्त्रीचा घोळ होणार नाही.

बुद्धरत्न


निघोजे
२ मे २०२५

भाऊजी,

अक्षर वाकडं आलंय कारण दंड भरून आलेत. स्टिअरिंग फार जड हाय.

टिकली पुसलेली न्हाई. पुसणार पण न्हाई. खाचेवर वर्षालीची लाल नेलपॉलिश लावली. पांढरी देवाची, लाल मिस्त्रीची. पुढं कोणी चुकला तर तो त्याच्या कर्मानं.

हवेनं अंगठा ढकलला, खाच समोर आली, बल्ब पेटला, नट आवळला. पहिल्या चावीला झटका न्हाई. दिग्विजयला काही बोललो न्हाई. चढावर पण नेली न्हाई. म्हटलं, चढायची ती आखितीलाच, सगळ्यांच्या देखत.

परवा सकाळी हिरवं नऊवारी नेसले. वर्षालीनं रजा टाकली होती, ती शेजारी बसणार म्हणाली. मी म्हटलं, "न्हाई. तू वर कमानीपाशी उभी राहा. तुझ्या नवऱ्याचं तोंड कसं होतं ते मला सांगायला कोणीतरी पाहिजे."

चढाच्या पायथ्याला आले तर तिथं ट्रॅक्टर उभा आणि चार गडी दोर घेऊन. म्हटलं, "हे कशाला रे?"

"मावशी, दादा म्हणाले, अडकली तर ओढायला."

"दोर गुंडाळा. आणि ट्रॅक्टर बाजूला घ्या, मला वाट पाहिजे."

पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला. मी कान टवकारून बसले होते. हरभरा न्हाई, भाऊजी. एक दाणा न्हाई. गाडी अशी चालली होती जशी कुळीथ खाल्लेली बैलजोडी. दोन्ही बाजूंनी पाव्हणे उभे. कोणीतरी ओरडलं, "अरे, म्हातारी चालवतीय!" मी हॉर्न दिला. तो वाजत न्हाई, पण दिला.

अर्ध्या चढावर आले, जिथं दर वेळी ती दमायची. तिथं मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि चावी बंद केली.

 कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत दिग्विजय वरनं पळत आला. "आई, काय झालं? बंद पडली ना?" आवाजात काय होतं सांगू? जिंकल्याचा आनंद न्हाई. बोलता बोलताच मागच्या चाकाखाली सरकवायला दगड शोधत होता.

"पडली न्हाई. पाडली."

"का?"

"उद्या तू म्हणशील, खालनं पळवत आणली म्हणून चढली. आता इथनं, चढावरनं उभ्यानं उचलती का न्हाई ते बघ. हरले तर इथंच खोल बॉनेट आणि लाव झेंडू."

चावी फिरवली. पुरती फिरवायच्या आधीच चालू झाली. हँडब्रेक सोडला, एक इंच मागं न्हाई, सरळ वर.

दिग्विजय बाजूनं चालत होता, मग पळायला लागला. पळता पळता वळून खाली ओरडला, "ए, ट्रॅक्टर घेऊन जा रे घरी!" आणि दार उघडून शेजारी येऊन बसला. पांढरी पँट, आणि सीटवर कोंबडीची पिसं. 

कमानीपाशी फोटोवाला हात करत होता. फीत बांधलेली, ताट घेऊन बाया उभ्या. दिग्विजय म्हणाला, "आई, थांब की. एक फोटो."

"फोटोला बंद गाडी लागती. ही चालू हाय."

फितीच्या बाजूनं घातली आणि तशीच पुढं काढली माळाच्या सपाटीवर. पाव्हणे मागं राहिले. वर्षाली टाळ्या वाजवत होती, तेवढी आरशात दिसली. दिग्विजय डॅशबोर्डवर हात ठेवून नुसता बसला होता, जसा लहानपणी ह्यांच्या शेजारी बसायचा. मला वाटलं, आता कुंड्यांचं काहीतरी बोलंल.  मग मान न वळवता म्हणाला, "आई, तिसरा टाक. ओरडतीय ती."

"गाडी माझी हाय," मी म्हटलं, "गप बस."

आणि तिसरा टाकला.

छबू